तीन दिवसांत ऐकलेली तक्रार

जाहिराती, मालिका, पाठ्यपुस्तकं, सिनेमातली गाणी यांतून दिसणाऱ्या बाईविषयी आपण पुष्कळ लिहिलं, शिबिरांतून त्यावर चर्चा घेतल्या, पोस्टरं केली. संगणकावरच्या खेळांचा विषय निघाला की मात्र आपली चर्चा दोन वाक्यांत संपते. 'पोरांचा नाद आहे' हे एक आणि 'फार मारामारी असते' हे दुसरं. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबणं आता परवडणारं नाही. हे खेळ बायकाही खेळतात, बायकाही बनवतात. त्यांत बाई कशी दाखवायची यावरून खेळणाऱ्यांमध्येच कडाक्याचे वाद होतात. त्या वादांत आपल्या कामाचं बरंच काही आहे, असं मला वाटतं.

इथे मी एकाच खेळाविषयी लिहिणार आहे. त्याचं नाव 'डायब्लो'. कॅलिफोर्नियातल्या ब्लिझर्ड या कंपनीचा हा खेळ. पहिला भाग १९९६ च्या अखेरीस आला, दुसरा २००० साली, तिसरा २०१२ साली आणि चौथा जून २०२३ मध्ये. चौथ्या भागाची पहिल्या पाच दिवसांतली विक्री ६६ कोटी ६० लाख डॉलर झाल्याचं कंपनीनंच जाहीर केलं. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

ज्यांनी असा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण एक पात्र निवडायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. मग त्या पात्राला घेऊन अंधाऱ्या रानांतून, पडक्या मठांतून, तळघरांतून फिरायचं. राक्षसांच्या झुंडी अंगावर येतात, त्यांना कापत सुटायचं. मेलेल्या राक्षसांकडून तलवारी, चिलखतं, सोनं मिळतं. त्यानं आपलं बळ वाढतं, आणि बळ वाढलं की आणखी मोठे राक्षस समोर येतात. गोष्ट असते, पण बऱ्याच खेळाडूंच्या लेखी ती तोंडी लावण्यापुरती. रात्रीची कामं आटोपल्यावर तासभर डोकं रिकामं करायला असे खेळ खेळणाऱ्या मुली आणि बायका मला भेटल्या आहेत. त्यांना त्यात मजा येते. त्या मजेला नाकं मुरडण्यात मला रस नाही.

या खेळात बाई कशी बदलत गेली ते आधी बघू. दुसऱ्या भागात सुरुवातीला पाच पात्रं होती आणि कुठलं पात्र बाईचं, कुठलं पुरुषाचं हे ठरवून दिलेलं होतं. भाला-धनुष्य चालवणारी अ‍ॅमेझॉन आणि जादू करणारी सॉर्सरेस या दोन बायका, बाकी तिघे पुरुष. शरीराच्या ताकदीवर लढणारा रांगडा गडी हा पुरुषच. या भागाची सुरुवात होते ती बायकांच्या एका छावणीत. मठातून हुसकून लावलेल्या धनुर्धारी भगिनींची ही छावणी. तिथे उपचार करणारी अकारा आहे, सैन्याची प्रमुख काश्या आहे, आणि लोहारकाम करणारी चार्सी आहे. घणानं लोखंड ठोकणारी बाई २००० सालच्या खेळात दाखवली होती, हे नोंदवलं पाहिजे. पण छावणीबाहेर पाऊल टाकलं की आपण ज्यांना मारतो त्यांत याच पंथातल्या भ्रष्ट झालेल्या भगिनी असतात, आणि त्यांना भ्रष्ट करणारी अँडॅरिएल ही राक्षसीण जवळजवळ उघडी. छावणीतल्या बायका अंगभर कपड्यातल्या, मारायची बाई मात्र उघडी. ही वाटणी आपल्याला सिनेमातून चांगली ओळखीची आहे.

२०१२ सालच्या तिसऱ्या भागात मोठा बदल झाला. प्रत्येक पात्र बाईचं किंवा पुरुषाचं शरीर घेऊन खेळता येऊ लागलं. रांगडा गडी होता तिथे रांगडी बाईही आली. चौथ्या भागात ही सोय कायम राहिली. शिवाय ड्रूइड नावाचं जे रानातलं पात्र आहे, त्यातली बाई चांगली जाडजूड, रुंद खांद्यांची दाखवली. लढणारी बाई म्हणजे सडपातळ कंबर आणि लोखंडी चोळी, हा साचा निदान इथे मोडला.

यावर खेळाडूंचं मत काय? एकमत नव्हतंच. २०२१ साली दुसऱ्या भागाची नव्यानं चित्रं काढलेली आवृत्ती आली. तीत अ‍ॅमेझॉनचा चेहरा रापलेला, थोडा प्रौढ केला होता. काही पुरुष खेळाडू त्यावर चिडले. तिला कुरूप करून टाकलं, बायकी चळवळींच्या दबावाखाली केलं, असा त्यांचा सूर. उलट बाजूनं इतरांनी विचारलं की उन्हातान्हात भाला घेऊन फिरणाऱ्या बाईचा चेहरा आणखी कसा असणार? मला या वादात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रापलेल्या, जखमी पुरुष योद्ध्याच्या चेहऱ्यावरून असा गहजब झाला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा व्रण हा त्याचा पराक्रम. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती ही मात्र गिऱ्हाइकाची फसवणूक!

आता चौथ्या भागातल्या लिलिथकडे येऊ. लिलिथची गोष्ट या कंपनीनं जन्माला घातलेली नाही. ज्यू परंपरेत ती जुनी आहे. मध्ययुगातल्या एका कथेप्रमाणे ती आदमची पहिली बायको. दोघांना एकाच मातीतून घडवलं असताना मी तुझ्या खाली का निजावं, असा सवाल करून ती त्याला सोडून गेली. परंपरेनं तिला बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना खाणारी राक्षसीण करून टाकलं. आपल्याकडच्या जखिणी-हडळींच्या गोष्टी आठवल्या तर यात नवल वाटणार नाही. जी नांदली नाही ती डाकीण. अमेरिकेतल्या ज्यू स्त्रीवाद्यांनी १९७० नंतर ही लिलिथ परत मागून घेतली. ज्युडिथ प्लास्को यांनी १९७२ साली तिची गोष्ट नव्यानं लिहिली. तीत लिलिथ आणि ईव्ह यांची मैत्री होते. १९७६ साली तिच्याच नावानं एक स्त्रीवादी नियतकालिक सुरू झालं.

खेळातली लिलिथ या सगळ्यापासून बरीच दूर आहे, तरी धागा तुटलेला नाही. इथे ती मेफिस्टो या महाराक्षसाची मुलगी. इनारियस नावाच्या देवदूताबरोबर तिनं माणसांचं जग निर्माण केलं. त्यांच्या संततीला मारावं की ठेवावं असा प्रश्न आला तेव्हा तिनं मुलांची बाजू घेऊन कत्तल केली, आणि इनारियसनं तिला हद्दपार केलं. चौथ्या भागात ती परत येते. तिचं म्हणणं असं की तिचा बाप आणि त्याचे भाऊ हे जग गिळायला येणार आहेत, त्यांच्याशी लढायची ताकद फक्त तिच्यात आहे. इनारियसच्या नावानं इकडे मोठा धर्मपंथ उभा आहे, लोक त्याला पिता म्हणतात. तो स्वतः स्वर्गात परत जाण्याच्या ध्यासापायी आपल्या पोटच्या मुलाला, राथमाला, ठार करतो. लिलिथ मुलाच्या प्रेताजवळ येते, शोक करते.

आणि आपण, म्हणजे खेळाडूनं, काय करायचं? लिलिथला मारायचं. ती आपल्याला समजावते, माझ्या बाजूला ये म्हणते. पण तिच्या बाजूला जाण्याची सोय खेळात नाही. आपल्याला वाट दाखवतो तो एक रक्ताळलेला लांडगा, आणि तो लांडगा म्हणजे तिचा बाप मेफिस्टोच असतो. बापाच्या सल्ल्यानं मुलीला संपवायचं, असा या गोष्टीचा शेवट आहे.

पुष्कळ खेळाडूंना हा शेवट पटला नाही. त्यांत पुरुष खेळाडूही भरपूर होते. तिचं म्हणणं खरं असताना, निदान ऐकण्यासारखं असताना, मी तिला का मारलं, निवड करायची मुभा का नाही, असं त्यांचं म्हणणं. काहींनी उलट सांगितलं की ती जिथे जाते तिथे माणसं एकमेकांच्या उरावर बसतात. सुरुवातीलाच एका गावातले लोक तिच्या प्रभावाखाली आपल्या धर्मगुरूला मारतात. आई म्हणवून घेतलं म्हणून खून माफ होत नाहीत. हेही खरंच आहे. लिलिथला आपली नायिका करावी असं मी म्हणणार नाही. तिला मुलांच्या जिवापेक्षा त्यांचं सैन्य हवं आहे.

तरीही खेळाडूंच्या नाराजीत मला एक चांगली खूण दिसते. राक्षसीण म्हटली की मारायची, हे ज्या खेळानं वीस-पंचवीस वर्षं शिकवलं, तोच खेळणारे आता विचारू लागले की तिला राक्षसीण ठरवलं कुणी, आणि मुलाला मारणारा बाप पूज्य कसा? हा प्रश्न आपण पुराणकथांवरच्या सत्रांत शूर्पणखा-ताटकेच्या निमित्तानं विचारत आलो. कुठल्याही शिबिराला न आलेला एखादा विशीतला मुलगा तोच प्रश्न स्वतःहून विचारत असेल तर आपण त्याच्याशी बोललं पाहिजे.

इथवरचं वाचून कुणी म्हणेल, मग बरंच झालं की! बायका लढतात, जाडजूड बायका दिसतात, लिलिथबद्दल सहानुभूती आहे. पण मैत्रिणींनो, पडद्यावरच्या बाईचा हिशेब आणि पडदा रंगवणाऱ्या बाईचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकातली जमा दुसऱ्यात दाखवून चालत नाही.

जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या रोजगारातील भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या खात्यानं या कंपनीवर आणि तिच्या मूळ कंपनीवर, अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डवर, खटला भरला. त्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ चौकशी चालली होती. बायकांना कमी पगार, बढती उशिरा किंवा नाहीच, आणि कामाच्या जागी लैंगिक छळ, असे आरोप होते. कर्मचाऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे २० टक्के असल्याचं त्याच अर्जात नमूद होतं. कंपनीनं हे चित्र विपर्यस्त असल्याचं सांगितलं. त्या उत्तराचा निषेध करणाऱ्या पत्रावर दोन हजारांहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या आणि २८ जुलैला काम बंद ठेवून ते बाहेर पडले. त्यांची एक मागणी आपण लक्षात घेण्यासारखी होती. नोकरीच्या करारात अशी अट होती की तक्रार कोर्टात न्यायची नाही, खाजगी लवादापुढे न्यायची. ही अट काढा, असं ते म्हणत होते. छळ आणि भेदभावाच्या तक्रारींपुरती ती अट कंपनीनं ऑक्टोबर २०२१ मध्ये सोडली.

त्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखपदी दोघांना बसवलं. एक पुरुष आणि एक स्त्री, जेन ओनील. दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती ज्या स्टुडिओनं केली त्याच्या त्या पूर्वी प्रमुख होत्या. तीनच महिन्यांत त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. बरोबरच्या पुरुषाइतका पगार देऊ करण्यात आला तो आपण राजीनामा दिल्यानंतर, असं त्यांनी सहकाऱ्यांना सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. सर्वांत वरच्या खुर्चीवरच्या बाईची ही गत, तर खेळातल्या चुका शोधण्याच्या कामावर कंत्राटानं घेतलेल्या मुलीचं काय असेल?

खटल्याचा शेवट कसा झाला तेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. केंद्रीय समान रोजगार आयोगाबरोबर १ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली. राज्याबरोबरची तडजोड डिसेंबर २०२३ मध्ये झाली, सुमारे साडेपाच कोटी डॉलरची. तीत लैंगिक छळाचे आरोप राज्यानं मागे घेतले, आणि सर्वदूर छळ चालत असल्याचं कुठल्या न्यायालयानं किंवा स्वतंत्र चौकशीनं सिद्ध केलेलं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. पैसे मिळाले ते मुख्यतः पगार आणि बढतीतल्या विषमतेच्या मुद्द्यावर, २०१५ ते २०२० या काळात कॅलिफोर्नियात काम केलेल्या बायकांना. आता पहिला आकडा आठवा. राज्याबरोबरची ही तडजोड म्हणजे चौथ्या भागाच्या पहिल्या पाच दिवसांच्या विक्रीचा जेमतेम बारावा हिस्सा.

या सगळ्याच्या मधोमध एक घटना घडली, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. १८ जुलै २०२३ रोजी कंपनीनं चौथ्या भागात काही फेरफार केले. त्यामुळे सगळ्याच पात्रांचं बळ कमी झालं. राक्षस मारायला वेळ लागू लागला. खेळाडू खवळले. मजा गेली, आमच्या मेहनतीवर पाणी पडलं, असा एकच ओरडा झाला. २१ जुलैला, म्हणजे तीन दिवसांत, खेळाचे प्रमुख लोकांसमोर बसले, हे चांगलं झालं नाही असं कबूल केलं, पुन्हा असा फेरफार करणार नाही असं सांगितलं, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सुधारणा केल्याही. तिसऱ्या भागात खऱ्या पैशांनी तलवारी-चिलखतं विकण्याचा लिलावबाजार होता. त्यानं खेळाचा सत्यानाश केला अशी तक्रार झाली. तिला वेळ लागला, पण मार्च २०१४ मध्ये तोही बंद झाला.

म्हणजे ऐकायची यंत्रणा आहे. गिऱ्हाइकाची तक्रार तीन दिवसांत पोचते. कामगार बाईची तक्रार पोचायला राज्य सरकारची दोन वर्षांची चौकशी आणि वर अडीच वर्षांचा खटला लागतो. कान तेच आहेत. फरक आहे तो कुणाच्या हातात पैसा आहे याचा.

खटला सुरू असताना खेळाडूंमध्ये वाद झाला की हा खेळ विकत घ्यावा की नाही. काहींनी बहिष्कार घातला. काही म्हणाले, खेळ वेगळा, कंपनी वेगळी, आम्हांला खेळू द्या. काही म्हणाले, बहिष्कारानं त्याच बायकांच्या कामावर बोळा फिरतो ज्यांनी हा खेळ घडवला. या तिसऱ्या म्हणण्यात वजन आहे. बाहेर पडून निषेध करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी मागण्या मांडल्या होत्या. आपण घरबसल्या बहिष्कार घातला आणि त्या मागण्या वाचल्याच नाहीत, तर तो बहिष्कार आपल्या मनाच्या समाधानापुरताच राहतो.

माझं मत असं की गिऱ्हाईक म्हणून मिळालेला आवाज गिऱ्हाइकीपुरता वापरू नये. तलवारीची धार कमी झाली म्हणून तीन दिवसांत कंपनीला हलवू शकणारे लाखो लोक, चाचणीच्या कामावरच्या मुलीला किती पगार मिळतो हेही विचारू शकतात. आणि कामगार एकटे नाहीत हे दिसलंही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये डायब्लोवर काम करणाऱ्या आल्बनी इथल्या चाचणी विभागानं संघटना करण्याच्या बाजूनं एकमतानं कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये डायब्लो बनवणाऱ्या साडेचारशेहून अधिक कामगारांनी संघटना उभी केली. हे जाडजूड ड्रूइडपेक्षा मला मोठं पाऊल वाटतं.

आपला यात संबंध कुठे? संगणकाचे खेळ घडवण्याचं काम पुण्या-मुंबईतही चालतं. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानं कामाच्या जागी तक्रार समिती बंधनकारक झाली. तीत स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली एक बाहेरची सदस्य असावी लागते. आपल्यापैकी कितीतरी जणी अशा समित्यांवर जातात. त्या काचेच्या इमारतीत गेलं की तिथली भाषा परकी वाटते, मुलं-मुली हसत-खेळत काम करताना दिसतात, भिंतीवर तलवार उगारलेल्या बाईचं चित्र असतं, आणि इथे काय अन्याय असणार असं वाटून जातं. त्या चित्रावर जाऊ नका. कंत्राटी आणि शिकाऊ मुलींनाही हा कायदा लागू आहे हे त्यांना कुणी सांगितलं का, ते विचारा. करारात तक्रारीचं तोंड बांधणारी अट आहे का, ते बघा. पगार आणि बढतीचा प्रश्न या समितीच्या कक्षेत येत नाही, म्हणून तो कुणीच विचारत नाही. तो आपण संघटनेच्या पातळीवर विचारायला हवा.

आणि आपल्या गटातल्या तरुण मुलींना विचारा की त्या कुठले खेळ खेळतात, त्यात कुणाला मारतात, आणि मारताना त्यांना काय वाटतं. बोलायला पुष्कळ निघेल. पुढच्या अंकासाठी त्यांनाच लिहायला सांगूया.